खिडकीत टांगलेल्या कोषांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेली आणि नवऱ्याच्या मागे उरलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले असून तो दाखला सोबत जोडला आहे. तो मुख्यतः माझ्या सूनबाईंसाठी आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. आणले असते तर कोणाला तरी माझी आठवण आहे एवढे तरी कळले असते.

माझ्या उजव्या फुप्फुसात सावली आहे. उभा जन्म मी लोकांना "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" असे सांगत आले. या वेळी सांगणारी मुलगी नवीन होती, ती "सोडा" म्हणायला विसरली. फिल्म हातात आल्यावर मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि मुलाला म्हटले, चल घरी. डॉक्टर म्हणाले, "बघू." डॉक्टर "बघू" केव्हा म्हणतात हे मला त्यांच्याइतकेच ठाऊक आहे.

मागच्या खोलीच्या खिडकीत दोरीला कोष टांगलेले आहेत. दिसायला ती वाळलेली पाने वाटतात, पण प्रत्येकात एक ॲटलस पतंग आहे. पंख पसरले की दोन्ही तळवे जोडून उघडावेत एवढा होणारा. अंड्यापासून मीच वाढवलेले आहेत. उन्हाची काहिली ओसरली की ते बाहेर येतील. तेव्हा मी नसेन. हे मृत्युपत्र लिहिण्याचे खरे कारण एवढेच आहे. घर आणि पैसा कायद्याने कोणाच्या तरी घशात जाणारच. या कोषांना मात्र कायद्याने वारस नाही, तो मला नेमावा लागत आहे.

वकीलसाहेबांनी कच्चा खर्डा वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, यातलं निम्मं काढून टाका. कोर्ट असलं काही वाचत नाही."

मी म्हटले, "कोर्टासाठी नाहीच आहे ते."

कलम पहिले : घर. राहते घर, तळमजला आणि वरचा मजला धरून, माझ्या चिरंजीवांना मिळावे. चिरंजीव वरच्या मजल्यावर राहतात. पाण्याच्या पंपाची किल्ली हवी असली की ते खाली येतात. आजार कळल्यापासून किल्ली नको असतानाही दोनदा आले, हे प्रामाणिकपणे नमूद करते. दुसऱ्यांदा ते खोलीची लांबी पावलांनी मोजत होते, हेही नमूद करते.

घराबरोबर मागच्या अंगणातला पेरू येतो. या झाडाची पाने खाऊन माझ्या अळ्या वाढतात. माझ्या नवऱ्याने हे झाड लावले तेव्हा त्याला पेरू खायचे होते. पुढे फळांपेक्षा पानांचा हिशेब मोठा झाला, तरी त्याने कधी तक्रार केली नाही. कामावरून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "तुझी पोरं जेवली का?" आणि पाने कमी असली तर पिशवी घेऊन उलटपावली बाहेर पडायचा. लोकांच्या कुंपणावर ओणवा होऊन पाने मागणारा तो सभ्य माणूस होता. त्याला अळ्या आवडत नव्हत्या. मी आवडत होते.

चिरंजीवांना हे झाड तोडून तिथे गाडी लावायची आहे, कारण गाडी उन्हात तापते. माझी अट अशी की कलम पाचमध्ये सांगितलेली व्यवस्था पूर्ण होईपर्यंत झाडाच्या फांदीलाही हात लावू नये. वकीलसाहेबांच्या मते अशी अट टिकणार नाही. न टिको. निदान कुऱ्हाड उचलताना आईने लिहिलेले आठवेल आणि हात क्षणभर थांबेल, तेवढे मला पुरे आहे.

बँकेत जे काही शिल्लक राहील तेही चिरंजीवांचेच.

कलम दुसरे : बांगड्या. माझ्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईंना द्याव्यात. या कलमावरून कोणी माझ्या बुद्धीवर शंका घेण्याचा संभव आहे, म्हणून खुलासा करते.

सूनबाईंनी माझी एक मादी चपलेने मारली आहे. ती कोषातून निघून, जोडी जमून, अंडी घालायला जागा शोधत जिन्यावरून वर गेली आणि त्यांच्या पडद्यावर बसली. "आई, वटवाघूळ!" अशी किंकाळी ऐकून मी जिना चढेपर्यंत काम आटोपले होते. पडद्यावर अंडी चिकटलेली होती. सूनबाईंनी पडदा गरम पाण्यात टाकला.

त्याच्या पुढच्या वर्षी, मी बाजारात गेलेली बघून, त्यांनी झुरळांवर फवारा मारणारी माणसे बोलावली. परत आले तेव्हा वाढत्या अळ्या फांद्यांना उलट्या लोंबकळत होत्या, काळ्या पडलेल्या. आधीच कोषात शिरलेल्या तेवढ्या वाचल्या. सूनबाई रडल्या. म्हणाल्या, "आई, शपथेवर सांगते, औषध पुढच्या खोलीतच मारायला सांगितलं होतं. ते मागपर्यंत जातं हे मला काय माहीत?" मला हे पटले. पटले म्हणून राग गेला असे नाही.

पण या खेपेला रुग्णालयात माझ्या उशाशी बसून वांतीचे भांडे धरले ते याच सूनबाईंनी. चिरंजीव तेव्हा गाडी लावायला जागा शोधत होते. ज्या हातात चप्पल होती त्याच हातात भांडे होते. बांगड्या त्या हातांत घालाव्यात. सैल होत असतील तर मोडून नव्या करू नयेत, थोडे खात जावे.

कलम तिसरे : हत्यारे आणि सामान. जुन्या मच्छरदाणीचे मी केलेले सगळे पिंजरे शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावेत. शिवून त्यांनीच दिले होते, आणि इतकी वर्षे शिलाई घ्यायला नकार देत आल्या आहेत. त्यांनी त्यात कांदे ठेवले तरी माझी हरकत नाही. पानांवर पाणी फवारायची बाटली आणि अळ्या उचलायचा मऊ ब्रश मात्र कलम पाचमध्ये ज्यांचे नाव येईल त्यांच्याकडे जावा. अळीला बोटांनी उचलायचे नसते. ती पानाला धरून बसलेली असते, ओढली तर पाय तुटतात पण सोडत नाही. माझ्या ओळखीत असा स्वभाव फक्त अळ्यांचा आणि माझा.

मी नोकरीत असताना एक्स-रे विभागाचे मुख्य डॉक्टर होते त्यांना, ते हयात असल्यास, कपाटातल्या पिवळ्या पाकिटातली फिल्म घरपोच द्यावी. ती कोषाची फिल्म आहे. आत नर आहे की मादी, जिवंत आहे की वाळून गेले आहे, हे मला पाहायचे होते आणि पेशंट नव्हते. आत दुमडून बसलेला जीव त्या फिल्मवर इतका स्वच्छ उमटला की मी ती वाळत घातली आणि बघत राहिले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी ती उजेडात धरली आणि डोळे बारीक करून पाहिली. मला वाटले, यांनाही कळले. मग त्यांनी मेमो दिला : सरकारी फिल्म किड्यावर खर्च केल्याबद्दल. माझी बढती त्या मेमोत अडकली ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. फिल्मचे पैसे मी त्याच दिवशी भरले होते, तेव्हा ती माझी मालमत्ता आहे आणि मी ती कोणालाही देऊ शकते. त्यांनी ती पुन्हा उजेडात धरावी आणि या वेळी पूर्ण बघावी.

कलम चौथे : कपाटावरच्या फ्रेमा. माझ्या कपाटावर चादरीत बांधलेल्या काचेच्या फ्रेमा आहेत. त्यात ॲटलस पतंग टाचलेले आहेत, नर आणि माद्या, एकाच्याही पंखाला चरा नाही. त्या कशा आल्या हे चिरंजीवांना माहीत नाही, कारण ते तेव्हा वसतिगृहात होते आणि नंतर त्यांनी विचारले नाही.

मला धाकटी बहीण आहे. आम्ही तिला धाकटीच म्हणायचो. लहानपणी आमच्या व्हरांड्यातल्या दिव्यापाशी एक भली मोठी मादी येऊन बसली. मी घाबरून मागे सरकले, धाकटी पुढे झाली, आणि त्या मादीने तिच्याच फ्रॉकवर अंडी घातली. फ्रॉक नवा होता. अंडी खरवडली तर मरतील म्हणून मी फ्रॉकचा तेवढा तुकडा कापून काढला. आईने आधी मला बदडले, कारण कात्री माझ्या हातात होती. मग धाकटीला बदडले, कारण ती हसत होती. तो तुकडा आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला, आणि तिथून आमच्या पतंगांचा वंश सुरू झाला.

पुढे तिचे लग्न एका फ्रेमवाल्याशी झाले. त्याचे तसबिरींना काच बसवायचे दुकान होते. ती जाताना आम्ही कोष वाटून घेतले. एकाच घरातली भावंडे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत जोडत गेली की वंश खंगतो. अंडी फुटत नाहीत, पंख चुरगळलेले निघतात. म्हणून दर वर्षी आम्ही अदलाबदल करायचो. "तुझे नर, माझ्या माद्या," असे ठरलेले होते. बसमधून मांडीवर खोके घेऊन ती यायची. चिरंजीवांना वरच्या मजल्यावरून खाली यायला आज जेवढा काळ लागतो तेवढ्यात ती दुसऱ्या गावाहून यायची.

मग एका वर्षी दुकानातल्या वॉर्निशच्या वासाने तिच्याकडच्या सगळ्या अळ्या मेल्या. राहिले ते फक्त माझ्या खिडकीतले. आणि नेमके त्याच वर्षी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन निघाले, ते चिघळले, आणि मी रुग्णालयात पडून राहिले. नवरा माझ्यापाशी होता. घरी कोषांपाशी धाकटी आली. मी एका शब्दाने तिला काही सांगितले नाही. तिला काय सांगायचे? मला जे येत होते ते सगळे तिला येत होते.

या पतंगांना तोंड नसते. अळी असताना जे खाल्ले असेल त्यावरच त्यांचा आठवडा निघतो. त्यात जोडी जमवायची, अंडी घालायची, आणि फडफडून पंखांच्या चिंध्या करून मरायचे. मी वर्षभर अळ्यांची उस्तवार करायचे ती या आठवड्यासाठी.

मी घरी आले त्या दिवशी धाकटी दारातच उभी होती. "ताई, डोळे मीट," म्हणाली. माझा हात धरून मागच्या खोलीत नेले. "आता उघड."

भिंतीभर फ्रेमा होत्या. तिच्या नवऱ्याने रात्रंदिवस बसून पंख ताणले होते, काच बसवली होती, प्रत्येकीला नवी कड लावली होती.

मी विचारले, "सगळे?"

"सगळे! बाहेर आले, पंख वाळले की लगेच. एकसुद्धा फाटू दिला नाही मी."

"एकही जोडी ठेवली नाहीस?"

तिला प्रश्न कळेना. "अगं, तू नव्हतीस ना! तू येईपर्यंत नुसत्या चिंध्या उरल्या असत्या. तू वर्षभर वाट बघतेस आणि तुझंच बघायचं चुकलं असतं. तुझ्यासाठी केलं, ताई." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अंडी काय गं, टपालानेसुद्धा मिळतात."

मी तिला त्याच पावली घालवून दिले. तिने आणलेली पिशवी मी रस्त्यावर ठेवली. तिचा नवरा मध्ये पडला तेव्हा त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेजारच्या बाईंना पाठ आहे.

तिने वैरभावाने केले असते तर मी एव्हाना विसरले असते. वैऱ्याचे विसरता येते. तिने ते मायेने केले, आणि वंश बुडवला. फ्रॉकच्या तुकड्यापासून आलेला, आईच्या मारातून वाचलेला वंश. ज्या बाईला हे सगळे ठाऊक होते तिनेच तो बुडवला, आणि वर माझ्याकडे कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

त्यानंतर आई गेली तेव्हा आम्ही एका खोलीत होतो. मी शेजारणींशी बोलले, ती शेजारणींशी बोलली.

अंडी टपालाने मिळाली. ती म्हणाली होती तशीच मिळाली, आणि तेही मला अजून खुपते. जात तीच आहे, पण हे ते नव्हेत.

फ्रेमा मी एकदाच पाहिल्या आहेत. फार सुंदर आहेत. तेच मला सोसत नाही. चिरंजीवांनी त्या भिंतीला लावाव्यात, विकाव्यात किंवा फोडाव्यात, मला त्याचे सोयरसुतक नाही. फक्त चादर माझ्या माघारी सोडावी.

कलम पाचवे : कोष. खिडकीतले कोष कोणाला द्यावेत याचा मी पुष्कळ विचार केला.

चिरंजीवांना विचारले. "आई, कोणाला तरी देऊन टाक ना."

"कोणाला?"

"कोणालाही. हौशी लोक असतात की."

हौशी लोकांपैकी तो स्वतः लहानपणी एक होता. अळीला त्याने शाळेत नेले होते आणि ती हरवली म्हणून जेवला नव्हता. तो मुलगा कुठे गेला हे मला त्याच्या बापाला विचारायचे होते, राहून गेले.

कॉलेजच्या प्राध्यापकांना विचारले. ते आनंदाने तयार झाले, इतक्या आनंदाने की मला संशय आला. टाचण्या आहेत का, असे विचारल्यावर त्यांनी मला पूर्ण कपाट उघडून दाखवले. मी चहा न घेता निघाले. फुलपाखरांच्या बागेत विचारले. तिथली मॅनेजरबाई म्हणाली, "आजी, आमच्याकडे दिवसा उडणारी लागतात. रात्री तिकीट कोण काढणार?"

दरम्यान एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि मी ती ध्यानात घेत नव्हते. माझ्या पतंगांना नवे रक्त नाही. अदलाबदल करायला कोणी न उरल्यापासून मी भावंडांनाच जोडत आले आहे. मागच्या खेपेला निम्मी अंडी फुटलीच नाहीत. एक मादी कोषातून निघाली आणि तिचे पंख उमललेच नाहीत, ती जमिनीवर चालत राहिली. हे कोष चांगल्या हाती पडले तरी दुसरीकडचे नर मिळाल्याशिवाय पुढची पिढी धरणार नाही.

मला टपालाने अंडी पाठवणारे एक बेकरीवाले गृहस्थ आहेत, पण त्यांच्याकडचे पतंग माझ्यांचेच सख्खे. त्यांना फोन केला आणि ही जात आणखी कोणाकडे आहे ते विचारले. ते म्हणाले, "अहो, मला काय विचारता? तुमच्या बहिणीकडे आहेत ना! नवरा वारला, दुकान बंद केलं, तेव्हापासून दुसरीकडून अंडी मागवून त्या पुन्हा करतात. काय पंख असतात त्यांच्याकडच्यांचे! तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटले, माहीत आहे. फोन ठेवला. तिने वॉर्निशचा वास जाईपर्यंत वाट पाहिली असणार. मग सुरू केले असणार. मला कळवले नाही. कळवायला मी तोंड ठेवले नव्हते.

सबब, खिडकीतले सर्व कोष, ब्रश आणि फवाऱ्याची बाटली हे सगळे माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. चिरंजीवांनी स्वतः न्यावे, आणि बसने. कोष गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, उकडून मरतील. आडवे ठेवू नयेत, टांगलेलेच राहू द्यावेत, नाहीतर बाहेर आल्यावर पंख पसरायला जागा मिळत नाही. बाकी तिला काही सांगू नये. तिला सगळे येते.

ही माफी नव्हे. माफी माझ्या मालमत्तेत नाही आणि ती कोणाला मिळेल असे या मृत्युपत्रात कुठेही लिहिलेले नाही. मी हे तिच्यासाठी करत नाही, त्यांच्यासाठी करते. माझ्या माद्या, तिचे नर. अट एकच आहे. यातला एकही पतंग तिने मारू नये. जोड्या जमू द्याव्यात, पंख फाटायचे तेवढे फाटू द्यावेत. मागच्या वेळी तिच्याकडे कारण होते, तिला ते मला दाखवायचे होते. या वेळी घरी परत येणारे कोणी नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. बोलून दाखवलेली सगळी रद्द समजावीत. मजकूर मला कोणी वाचून दाखवला नाही, मीच साक्षीदारांना वाचून दाखवला.

वाचून झाल्यावर साक्षीदार क्रमांक दोन, शिवणकाम करणाऱ्या बाई, यांनी पेन हातात घेतले आणि सही करेनात. म्हणाल्या, "ताई, हे कागदावर कशाला? आजच फोन करा ना त्यांना. अजून दिवस आहेत."

मी म्हटले, सही करा.

"बोलावलंत तर येतील हो त्या."

मी त्यांना जे उत्तर दिले तेही नोंदवून ठेवते, म्हणजे नंतर कोणी तर्क लढवत बसायला नको. मी म्हटले, "येईल. मला माहितेय. पिशवी न भरता धावत येईल. मग मी एवढी वर्षं काय केलं?"

बाईंनी त्यानंतर सही केली.

स्थळ : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : ९ मार्च, सकाळ

सही (मृत्युपत्र करणारी) : केली आहे, कोणी शंका घेऊ नये म्हणून शेजारी अंगठाही दिला आहे

साक्षीदार १ : कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. (सही)
साक्षीदार २ : शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. (सही)